ओला बिब्बा

माणिक रसाळने आयुष्यात एकच सदरा चोरला, आणि तोही मळका. धुतलेला चोरला असता तर मिरजेत चार दिवस हसू झालं असतं आणि पाचव्या दिवशी लोक विसरले असते. मळक्या सदऱ्याला मात्र त्या वर्षी सात वर्षांची सजा होती.

हे असं का, ते आधी सांगायला हवं. माणसाच्या अंगावरून दर मिनिटाला हजारो कण गळत असतात. कातडीचे बारीक पापुद्रे, त्यांवर जगणारे जंतू आणि त्या जंतूंनी सोडलेली आम्लं. या सगळ्याचा मिळून माणसाला एक वास असतो. घटक सगळ्यांकडे साधारण तेच, प्रमाण मात्र ज्याचं त्याचं. कांदालसूण चटणीत प्रत्येक घरी मिरची, खोबरं, लसूणच असतो, तरी शेजारणीची चटणी आपण डोळे मिटून ओळखतो, तसंच हे. कुत्र्यांना ही गोष्ट कायम ठाऊक होती. माणसाला ती कळायला कुत्र्याच्या नाकातली प्रथिनं चकतीवर बसवून त्यांचं यंत्र करावं लागलं. जेवणाच्या डब्याएवढी चपटी पेटी. खोलीतली हवा आणि धूळ ओढून घ्यायची आणि गेल्या दोन दिवसांत तिथे कोण येऊन गेलं ते सांगायची. सरकारी नाव लांबलचक होतं. लोकांनी तिला नकटी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव टिकलं.

बोटांचे ठसे हातमोज्यांनी झाकता येतात, चेहरा फडक्याने. वास झाकायचा तर अंगभर हवाबंद प्लॅस्टिकचा झगा लागतो, आणि तो काही भुरट्या चोराला परवडत नाही. दोन वर्षांत घरफोड्या निम्म्यावर आल्या. न्यायाधीशही नकटीवर इतके विसंबले की साक्षीदार, कबुली, पंचनामा सगळं तिच्यापुढे फिकं पडलं.

मग कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं, की वास अंगाला असतो तसा कपड्यालाही असतो. दुसऱ्याचा मळका कपडा पंख्यासमोर झटकला की तो दुसरा तिथे येऊन गेल्याचं नकटी छातीठोकपणे सांगणार. त्यावर सरकारने कायदा केला. लाँड्रीत आलेला कपडा गिऱ्हाइकासमोर पिशवीत बंद करायचा, त्याच दिवशी धुवायचा, आणि न धुतलेला कपडा परक्याच्या हाती द्यायचा नाही. तीन पिढ्या लोकांचा मळ काढणाऱ्या रसाळांच्या दुकानाला एकदम बँकेच्या लॉकरचा मान आला. माणिकने परवाना काचेत लावून भिंतीवर टांगला. बायको म्हणाली, "परवाना टांगलाय, आता जीभ बी सांभाळा." तिचं नाव वैजयंता, आणि तिचं बोलणं असंच असायचं.

जीभ सांभाळायला माणिककडे तसं काही नव्हतंच. चार वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक रेवती स्वतःच्या मनाने लग्न करून कॅनडाला गेली. जाताना पाया पडायला आली तेव्हा माणिक म्हणाला होता, "तू आम्हाला मेलीस." बोलून गेला आणि मग त्या बोलण्यापाशीच अडकून बसला. तिने फोन नंबर बदलला. घरात तिचं नाव निघेना. वैजयंता काढत नव्हती म्हणून तो काढत नव्हता, आणि बहुधा तो काढत नव्हता म्हणून ती.

अशा माणसाच्या दुकानात एका सोमवारी दुपारी केतकी आली.

वैजयंता बाराच्या सुमाराला जेवण करायला घरी जायची, ती वेळ. पस्तिशीची, साधी सुती ओढणी घेतलेली बाई. नावाखेरीज काही सांगितलं नाही. एक ओढणी इस्त्रीला टाकली आणि स्टुलावर बसली. "काका, किती वर्षं झाली दुकानाला? मुलंबाळं काय करतात?"

एवढंच विचारलं. माणिक बोलायला लागला तो बोलतच सुटला. इस्त्री तशीच उभी राहून गार झाली. तिने मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही की उपदेश केला नाही. जाताना म्हणाली, "मीही पुढच्या आठवड्यात कॅनडालाच चाललेय. रेवतीचा पत्ता शोधून काढीन. तुम्ही पत्र लिहून ठेवा, मी हातात देईन."

त्या दुपारी माणिकने लेकीला चार वर्षांतलं पहिलं पत्र लिहिलं. तीनच ओळी जमल्या. शेवटची होती, "मी बोललो ते खोटं होतं."

मंगळवारी सकाळी श्रीपती मगदूम आले. हे औषध तपासणीच्या सरकारी कचेरीतले अधिकारी. विधुर, एकटे राहणारे, आणि सरळ इतके की लोकांना त्यांची थोडी भीतीच वाटायची. एका कारखान्याने लहान मुलांच्या तापाच्या औषधात भेसळ केली होती. मगदूमांनी त्याचे नमुने पकडून कचेरीच्या खोलीत सीलबंद ठेवले होते, आणि पुढच्या सोमवारी कोर्टात त्यांची साक्ष होती. त्यासाठी घेतलेला नवा पांढरा सदरा त्यांनी पुतण्याच्या साखरपुड्यात घातला होता, तो धुवायला आणला.

नवा कपडा पहिल्यांदा आला की वैजयंता त्याच्या कॉलरला आतून खूण घालायची. बाकीच्या लाँड्र्यांनी कधीच चिकटपट्ट्या आणल्या होत्या, ही मात्र सासूने शिकवल्याप्रमाणे बिब्ब्याने घालायची. सुईने बिब्बा टोचायचा, आलेल्या तेलाने खूण काढायची, वर चुन्याचं बोट फिरवायचं. ती काळी खूण कापड फाटलं तरी जात नाही. बिब्बा भल्याभल्यांना उततो, हिच्या बोटांना कधी फोडही आला नाही. तिने सदऱ्यावर खूण घातली, तो पिशवीत टाकला आणि ती जेवण करायला घरी गेली.

केतकी आली. पत्र घेतलं, नीट पर्समध्ये ठेवलं आणि मग डोळे पुसत म्हणाली, "काका, एक मागू? मगदूम माझे वडील. मला दारात उभं करत नाहीत. परदेशी जाताना त्यांचा एक सदरा हवाय, न धुतलेला. वास राहतो ना बाबांचा."

माणिकला ठाऊक होतं की मगदूमांना मूलबाळ नव्हतं. म्हणजे, कुणीतरी कधीतरी तसं म्हणालं होतं. विचारून खात्री करणं एका वाक्याचं काम होतं. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर पर्समधलं पत्र बाहेर आलं असतं. त्याने विचारलं नाही.

उकळत्या पाण्यातले कपडे हलवायचं लाकडी दांडकं त्याने घेतलं, त्याच्या टोकाने सदरा उचलला आणि तिच्या पिशवीत सोडला. हात लावला नाही. मळका कपडा आहे, हाताला कशाला, असं त्याने स्वतःला सांगितलं. तीस वर्षं तो मळके कपडे हातानेच उचलत आला होता, हे मात्र सांगायचं राहिलं.

संध्याकाळी मगदूमांना तो म्हणाला, "सर, इस्त्रीत सदरा जळाला हो. फेकून द्यावा लागला."

मगदूम हसले. "जळू द्या. जुना घालून जाईन. साक्ष मी देणार आहे, सदरा नाही."

गुरुवारी पहाटे औषध कचेरीतली नमुन्यांची खोली फुटली. बाटल्या गेल्या. शुक्रवारी सकाळी मगदूमांना घरून उचललं. नकटीने त्या खोलीत त्यांचा ताजा वास दाखवला होता, आणि नमुने सील केल्यापासून तिथे जायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. कारखानदाराशी संगनमत करून पुरावा पळवला असा आरोप. सुनावणी आठ दिवस पुढे गेली. सरबताच्या दुकानापासून देवळाच्या पायरीपर्यंत एकच वाक्य होतं, "सरळ दिसणारी माणसंच अशी."

माणिकला बातमी कळली तेव्हा त्याच्या हातात गरम इस्त्री होती. त्याने ती शांतपणे खाली ठेवली. मग दुकानाच्या मागे जाऊन त्याने केतकीला फोन लावला. केतकीने दिलेला नंबर लागत नव्हता.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. जेवायला बसायचा आणि उठायचा. एकाच कपड्याला तीनदा इस्त्री करायचा. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की फळकुटं लावून आत बसायचा. मनाशी हिशेब मांडायचा, की आपण एक पै घेतली नाही, खोलीत पाऊल टाकलं नाही, मग आपण चोर कसे? आणि दर वेळी हिशेब दांडक्यापाशी येऊन चुकायचा.

वैजयंता एकदा पाणी ओतता ओतता म्हणाली, "मगदूमसरांनी काय बी केलेलं नसणार. तुमाला काय वाटतं?"

"नकटी चुकत न्हाई म्हणत्यात," तो म्हणाला.

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि ती कामाला लागली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी इन्स्पेक्टर मुजावर दुकानात आले. वैजयंता नुकतीच जेवणाला गेली होती. मुजावर इथलेच, लहानपणी माणिकच्या बापाकडून शाळेचा गणवेश धुऊन नेणारे.

"माणिकभाऊ, मगदूमसाहेबांचा एक नवा सदरा तुमच्याकडं जळाला म्हणं?"

"व्हय."

"दाखवा की."

"टाकला."

मुजावरांनी टोपी काढून काऊंटरवर ठेवली. "बघा, नकटीचा पहिला अहवाल सगळे वाचतात. नाव आलं की काम झालं. मी मागचं पण वाचलं. त्या खोलीच्या धुळीत मगदूमसाहेबांच्या वासाबरोबर बिब्बा सापडलाय. मिरजेत बिब्ब्यानं खूण घालणारं दुकान एकच उरलंय."

"सर आमच्याकडंच कपडे देतात. त्यांच्या सगळ्या कपड्यांवर आमचा बिब्बा असतोय."

"मी पण तेच म्हटलं. मग प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावलं. बिब्ब्याच्या तेलातले हलके भाग पहिल्या धुण्यात निघून जातात, उरतं ते हवेनं घट्ट होऊन लाखेसारखं कापडात बसतं. धुतलेल्या खुणेचा वास वेगळा, न धुतलेलीचा वेगळा. खोलीत सापडलेला बिब्बा ओला होता, माणिकभाऊ. खूण घातल्यावर तो सदरा एकदाही पाण्यात गेला नाही. म्हणजे तो साहेबांच्या अंगावरून खोलीत गेला नाही. तुमच्या दुकानातून गेला."

माणिकने काऊंटरवरची इस्त्री बाजूला सरकवली.

"आणखी एक," मुजावर म्हणाले. "त्या तेलात खूण घालणारीच्या कातडीचे कण अडकलेत. बाईचा हात आहे. ती आणि मगदूमसाहेब सोडून दुसरा कुणाचाच वास त्या धुळीत नाही, चोरांनी हवाबंद झगे घातले असणार. चार वाजता चौकीत या, दोघं. वहिनींचा वास जुळवून बघावा लागेल. पाच वाजता माझा अहवाल कोर्टाला जातो."

ते गेले आणि माणिक स्टुलावर बसला. त्याने हात लावला नव्हता. इतकी शहाणपणाची काळजी घेतली होती, आणि त्या काळजीने सात वर्षं उचलून बायकोच्या ओंजळीत टाकली होती. त्याला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज ओळखीचा.

"काका, घाबरू नका. चौकीतलं सगळं आम्हाला कळतं. तुम्ही एकच वाक्य सांगायचं. सदऱ्यावर खूण घातली, आणि तासाभराने मगदूम घाईत येऊन तो तसाच, न धुता परत घेऊन गेले. कायद्याने मालकाला त्याचा कपडा देता येतो. बिब्बा ओला का, याचं उत्तर मिळालं. तुमची बायको सुटली."

"आणि जळाल्याचं बोललो त्याचं काय?"

"मगदूमच तसं सांगतायत ना? सांगू दे. त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार?" ती म्हणाली. "आणि काका, रेवतीचा पत्ता खरंच सापडलाय. पत्र अजून माझ्यापाशी आहे. पाठवायचं की फाडायचं, ते तुम्ही ठरवा."

आड आणि विहीर अशी म्हण आहे, पण त्यात दोन्हीकडे बुडणारा आपणच असतो. इथे माणिकला विचारलं होतं, बुडवायचं कुणाला. एका बाजूला बायको आणि लेक, दुसऱ्या बाजूला एक परका माणूस. जगात शंभरातले नव्वद काय करतील ते उघड आहे. चौकीच्या वाटेवर माणिकने ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोटून पाठ केलं.

वैजयंताला वाटेत त्याने एवढंच सांगितलं, "मगदूमसरांच्या सदऱ्याबद्दल विचारणार हायत." पदर खोचून ती त्याच्या पुढे चालत होती.

चौकीत मुजावरांनी नकटी टेबलावर ठेवली. वैजयंताने पेटीच्या खाचेत हात घातला. दोन मिनिटं पंख्याचा बारीक आवाज आला आणि हिरवा दिवा लागला.

"जुळला," मुजावर हळू आवाजात म्हणाले. "वहिनी, त्या सदऱ्यावर तुमचाच हात आहे. सदरा कुणाला दिलात? पाच वाजता माझा अहवाल कोर्टाला जातो."

वैजयंताने माणिककडे पाहिलं.

"साहेब," माणिक म्हणाला, "सदरा..."

वाक्य जिभेवर तयार होतं. मगदूमसर परत घेऊन गेले. चार शब्दांचं काम. पण तिचा हात अजून त्या खाचेतच होता. बोटांची टोकं काळी, चुन्याने नखं पांढरट. सासूने शिकवलेलं काम तिने बारा हजार वेळा तरी नीट केलं असेल, आणि त्या नीटपणामुळेच ती इथे उभी होती. माणिकला एकदम रडू फुटलं.

"सदरा मी दिला. केतकी नावाच्या बाईला. सर त्यात न्हाईत, ही बी न्हाई."

मुजावरांनी उसासा टाकला. "माणिकभाऊ, बायकोसाठी नवरे असं बोलतात. हात घाला."

त्याने हात घातला. लाल दिवा लागला.

"नकटी म्हणते, त्या सदऱ्याला तुमचा स्पर्श नाही."

"दांडक्यानं उचलला साहेब."

"का?"

हा प्रश्न त्याला दहा दिवस कुणी विचारला नव्हता, आणि त्याने तो रोज ऐकला होता.

"माझा वास लागू नये म्हणून."

"म्हणजे काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं. पोरीला पत्र धाडायचं होतं, म्हणून ठाऊक नसल्यासारखं केलं." मग त्याने मघाचा फोन, पाठ करून घेतलेलं वाक्य, सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला कळत होतं की पत्र आता फाटलं.

मुजावरांनी बराच वेळ लिहिलं. मग लेखणी खाली ठेवली. "मला पटतंय. पण कोर्टाला पटणार नाही. फोन आला होता हे दिसेल, काय बोलणं झालं ते नाही. कबुली नुसते शब्द, आणि नकटी वहिनींकडं बोट दाखवते. मगदूमसाहेब सुटतील, पण आत जातील त्या वहिनी. ती बाई तुमच्याशिवाय कुणी पाहिली?"

"कुणीच न्हाई," माणिक म्हणाला.

"मी बघितली," वैजयंता म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे वळून पाहिलं.

"त्या मंगळवारी चष्मा विसरला म्हणून मागच्या दारानं आले. हे दांडक्यानं सदरा उचलालते. तीस वर्षात असं कधी बघितलं न्हवतं. ती बाई भायेर गेली तशी मी तिच्या मागनं गेले. कोपऱ्यावर निळी गाडी हुती, आत दोन गडी." तिने कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून कापडाची एक चिंधी काढून टेबलावर ठेवली. चिंधीवर गाडीचा नंबर होता, बिब्ब्याने घातलेला. "कागद हरवतोय, म्हणून हिच्यावर घातला."

मुजावर नंबर बघताच उठले. तो कारखान्याच्या गाडीचा म्हणून त्यांना ओळखीचा असावा, कारण त्यांनी दार उघडून एका हवालदाराला हाक मारली आणि मग चौकीतलं बाहेर कळतं हे आठवून त्याला परत पाठवून स्वतःच्याच फोनवरून थेट कोल्हापूरच्या वरिष्ठांशी बोलले. बोलून झाल्यावर ते परत येऊन बसले.

"वहिनी, दहा दिवस हे तुमच्या कमरेला होतं. एक सज्जन माणूस कोठडीत आहे. बोलला का नाहीत?"

"नवरा हाय साहेब," वैजयंता म्हणाली. "रोज ताट वाढताना वाटायचं, आज बोलतील. मी सांगितलं असतं तर हे पकडले गेले असते. यांनीच सांगावं असं वाटत हुतं."

"आणि आजही ते बोलले नसते तर? किती दिवस थांबणार होता?"

वैजयंताने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचाला दहा मिनिटं कमी होती.

"पाचपर्यंत," ती म्हणाली.